हिंदी चित्रपटांचा लळा लागला म्हणजे मराठी सुटली काय?

गाविलगड_पायथा (धागाकर्ता)

माझे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे आणि गेली तीन वर्षे मी मेळघाटात, धारणी तालुक्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करतो. इथे येईपर्यंत माझी हिंदी शाळेतल्या संयुक्त पाठ्यपुस्तकापुरतीच होती आणि तीही दहावीनंतर गंजून गेली होती. इथे मात्र कोरकू आणि गवळी पशुपालकांशी बोलायचे तर हिंदीवाचून माझे पान हलत नव्हते. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका आजीच्या म्हशीला स्तनदाह झाला होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत, ‘सड सूज गया है’ असे सांगितले आणि आजी मटकन खालीच बसल्या. आपण मराठीत ज्याला सड म्हणतो त्याला हिंदीत थन म्हणतात, आणि हिंदी कानाला ‘सड’ म्हटले की सडणेच ऐकू येते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. म्हैस औषधाने बरी झाली, पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरची भीती माझ्या भाषेने आणली होती, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

त्यानंतर मी भाषा शिकण्यासाठी म्हणून रोज रात्री खोलीवर जुने हिंदी चित्रपट पाहू लागलो. जुने अशासाठी, की त्यांतील माणसे सावकाश आणि स्वच्छ बोलतात. घटसर्पाला गलघोंटू आणि लाळ-खुरकताला खुरपका-मुँहपका म्हणतात हे मला गोठ्यात कळले, परंतु ‘तुम’वरून ‘आप’वर आणि ‘आप’वरून ‘तुम’वर येताना दोन माणसांमध्ये काय घडते, हे मला चित्रपटांनीच शिकवले. आपल्याकडेही तू, तुम्ही आणि आपण आहेच. पण एखाद्या प्रसंगात नायिका आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम’ म्हणते आणि बाकी काहीही न सांगता सगळे सांगून जाते, तेव्हा मी तो प्रसंग थांबवून पुन्हा पाहतो. श्रेयनामावलीत एकच नाव रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत येते, हेही मी आता डोळे भरून पाहतो. लिंगांनी मला फार छळले, कारण मराठीत आवाज मोठा असतो आणि हिंदीत ती मोठी असते, आपल्याला मजा आली असे आपण म्हणतो आणि त्यांना मज़ा आया असे वाटते, आणि आत्मा तर सीमेपलीकडे जाताच स्त्रीलिंगी होतो. लता मंगेशकरांनी उमेदीच्या काळात उर्दू उच्चारांसाठी एका मौलानांकडे शिकवणी लावली होती, ही गोष्ट वाचली तेव्हा मला फार धीर आला.

आता मला हिंदी कामापुरती वाटत नाही, ती मला मनापासून आवडू लागली आहे. मागच्या आठवड्यात तालुक्याच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला सर्वांसमक्ष सुनावले, की महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याने हिंदीचे असे कौतुक करणे ही मराठीशी प्रतारणा आहे. मी तिथे काही बोललो नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की दुसऱ्या भाषेवर जीव जडल्याने मायबोलीवरचा जीव उणा होत नाही, आणि माझे मराठी तर या शिकण्यामुळे अधिक सावध झाले आहे. विदर्भातील मंडळींना हे पटते का?

पूर्णाकाठ

डॉक्टरसाहेब, आपण आजींची भाषा शिकलात याबद्दल आपले आभार मानायला हवेत, आणि माझा विरोध त्याला नाही. विरोध आहे तो कौतुकाला. मी दर्यापूर भागातील शेतकरी आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हिंदीचे प्रेम परवडते, कारण त्याच्या मागे त्याची प्रमाण मराठी भक्कम उभी असते. आमच्या वऱ्हाडीमागे कोणी उभे नाही. आमचे ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे शब्द पोरे शाळेत बोलली की मास्तर दुरुस्त करतात आणि शहरात बोलली की लोक हसतात, म्हणून तीच पोरे परक्यासमोर सरळ हिंदीवर उतरतात. अमरावतीच्या दुकानात दोन मराठी माणसे एकमेकांशी हिंदीत भाव करताना मी कितीदा पाहिली आहेत. त्यांना हिंदी कोणी सक्तीने शिकवली नाही, ती त्यांना पडद्यानेच शिकवली.

ज्या जिल्ह्यात आपण नोकरी करता त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर इथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आमच्या मातीत झाला. त्या मातीत येऊन आपण भाषाप्रेम शोधले ते मुंबईच्या हिंदी चित्रपटांत. आणि त्या चित्रपटांत मराठी माणूस कोण असतो? तो हवालदार असतो किंवा घरकाम करणारी बाई असते, आणि त्यांच्या तोंडची मराठी हसण्यासाठी असते. १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला आणि जनमताच्या रेट्याने २९ जूनला मागे घ्यावा लागला, तो काळ आपण मेळघाटातच काढला असेल. ज्या भाषेला आधीच एवढे बळ आहे, तिच्यावर आणखी माया कशाला पातळ करायची?

खंजिरी

पूर्णाकाठ भाऊ, आपली तळमळ मला कळते, परंतु हिंदी आपल्याकडे पडद्याने आणली हे खरे नाही. मी तिवसा तालुक्यातील आहे, गुरुकुंज मोझरी माझ्या गावापासून जवळ आहे, आणि माझ्या आजोबांनी पाठ केलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने निम्मी मराठी होती आणि निम्मी हिंदी. ज्या महाराजांनी ग्रामगीता मराठीत लिहिली, त्यांनीच हातात खंजिरी घेऊन हिंदीतून हजारो माणसे डोलवली, आणि त्यांना ऐकायला खेड्यांतून बैलगाड्या जुंपून येणारे लोक सिनेमाघराचे तोंडही न पाहिलेले होते. त्यामुळे त्यांची वऱ्हाडी बाटली असे निदान माझ्या आजोबांच्या बोलण्यावरून मला कधी वाटले नाही.

शिवाय १९५६पर्यंत आपण मध्य प्रांतासोबत होतो, नागपूर ही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होती. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६मध्ये वर्ध्यात स्थापन झाली आणि पहिले विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५मध्ये नागपुरात भरले. आपण ‘मी करून राहिलो’ म्हणतो ते हिंदीच्या ‘मैं कर रहा हूँ’च्या किती जवळ आहे ते पाहा. हिंदीशी आपले हे नाते शेजारधर्माचे आहे, आणि शेजाऱ्याकडे गेले म्हणून कोणी घर सोडत नाही.

चित्रपटांपुरतेच बोलायचे तर तेही परके कसे म्हणायचे? पहिला हिंदी बोलपट १९३१चा, आणि १९३२मध्ये कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. दुर्गा खोटे, ललिता पवार, सी. रामचंद्र, वसंत देसाई ही माणसे वजा करून हिंदी चित्रपट उभा राहील काय?

पूर्णाकाठ

ताई, नेमके तेच माझे दुःख आहे. माणसे आपली गेली, गळे आपले गेले, सुरावटी आपल्या गेल्या, आणि भाषा मागे राहिली. लताबाईंना उच्चार सुधारण्यासाठी शिकवणी लावावी लागली, ही गोष्ट डॉक्टरांना धीर देते आणि मला टोचते, कारण हिंदीतल्या कोणा गायकाने मराठी ‘ळ’साठी एवढी मेहनत घेतल्याचे मी अजून ऐकलेले नाही. ‘करून राहिलो’बद्दल सांगायचे, तर दोन भाषांत साम्य आहे म्हणून आमची रचना हिंदीकडून उसनी आली असे कोणी गृहीत धरू नये. वऱ्हाडी म्हणजे हिंदीने बिघडवलेली मराठी, हा समज ऐकून ऐकून आमच्या दोन पिढ्या खाली मान घालून बोलल्या आहेत. तुकडोजी महाराजांचे उदाहरण मात्र मी मान्य करतो. महाराज हिंदी बोलत होते ते समोरच्या माणसासाठी, आणि ते हिंदीत गेले तेव्हा आपले वऱ्हाडी मन सोबत घेऊन गेले.

वैनगंगा_झाडी

मी देसाईगंज भागातील आहे. डॉक्टरांना माझा एकच प्रश्न आहे: तीन वर्षांत आपण वऱ्हाडीतील किंवा झाडीबोलीतील एक तरी नाटक पाहिले का? दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडप पडतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने पाहुणे येतात, आणि धान निघालेल्या बांधीत थंडीत घोंगडी पांघरून बायकामुले पहाटेपर्यंत मराठी नाटक पाहतात, तिकीट काढून पाहतात. कलेतून भाषेवर प्रेम जडते हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे, म्हणूनच विचारतो की ती कला आपण फक्त हिंदीतच का शोधलीत. आमच्याही नाटकांत मध्येच हिंदी गाण्यावर नाच होतो आणि पोरे शिट्ट्या मारतात, हे मी लपवत नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते.

गाविलगड_पायथा

वैनगंगा_झाडी दादा, मी एकही नाटक पाहिले नाही. देसाईगंज धारणीपासून विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, ही सबब मी देऊ शकतो, पण वऱ्हाडीच्या बाबतीत तीही चालणार नाही. ती माझ्या दवाखान्याच्या दारात रोज बोलली जाते, आणि मी ती कानांनी ऐकून मनात तिचे सातारी करून घेत आलो. ही चूक माझी आहे.

मात्र पूर्णाकाठ भाऊंच्या एका वाक्याशी मी अडतो. माया पातळ होते असे आपण लिहिले आहे. माझा अनुभव उलट आहे. हिंदी चित्रपटात ‘शिक्षा’ हा शब्द मी पहिल्यांदा लक्षपूर्वक ऐकला, तेव्हा आपल्या भाषेत शिकण्याचा शब्द दंडाचा कसा झाला, याचा मी कितीतरी दिवस विचार करत होतो. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न आहे आणि इकडे थट्टा. मी आयुष्यभर मराठी बोललो, पण मराठीकडे असे थांबून पाहायला मला या दुसऱ्या भाषेने लावले. हवालदार आणि कामवाल्या बाईंबद्दल आपण लिहिले ते सर्वस्वी खरे आहे, मलाही ते प्रसंग पाहताना राग येतो, आणि ज्या गोष्टीवर प्रेम आहे तिचा राग येणे मला विसंगत वाटत नाही. शाळेतल्या सक्तीला माझाही विरोधच आहे. मी चाळिशीत स्वतःच्या पायांनी या भाषेकडे गेलो म्हणून मला ती लाभली. सहा वर्षांच्या मुलावर ती लादली असती तर त्याला ती लाभली असती असे मला वाटत नाही.

तापीकाठची

मी धारणी तालुक्यातील अंगणवाडी सेविका आहे आणि माझी मातृभाषा कोरकू आहे. वरचे सगळे प्रतिसाद मी दोनदा वाचले. मराठी शाळेची भाषा आहे आणि हिंदी बाजाराची, ऐंशी-नव्वद वर्षांच्या आमच्या म्हाताऱ्यांनीही बुऱ्हाणपूर आणि खंडव्याच्या बाजारात हिंदीच बोलली आहे. खंडवा हे किशोरकुमारांचे गाव, ते आम्हांला पुण्यापेक्षा किती तरी जवळ. म्हणून डॉक्टरसाहेब हिंदी शिकले याचा आमच्या गावाला आनंद आहे. त्यांच्याआधी जे साहेब येत ते आम्हांला समजले नाही की तेच मराठी वाक्य आणखी मोठ्या आवाजात बोलत. इतकी वर्षे आमच्या बायका गाई-म्हशींचे आजार हातवारे करून सांगत आल्या.

पण या चर्चेत ‘मेळघाटात हिंदी चालते’ असे जे धरून चालले आहे, त्याचे मला वाईट वाटते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, तिची नाती झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारीशी आहेत, मराठीशी नाहीत आणि हिंदीशीही नाहीत. संथाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, आमची कोरकू नाही. डॉक्टरांनी लिहिले की हिंदीतील लिंगांनी त्यांना छळले. आमच्या भाषेत वस्तू स्त्री की पुरुष असा भेदच नाही, सजीव की निर्जीव एवढाच आहे. माझा मुलगा चौथीत आहे, तो मराठीच्या वहीत ‘पुस्तक चांगला आहे’ लिहितो आणि त्यावर लाल रेघ येते. मग तो हिंदी चित्रपट पाहून ‘किताब अच्छा है’ म्हणतो आणि तिथेही चुकतो. डॉक्टरांची चूक झाली तेव्हा त्यांना शिकायची हौस वाटली, माझ्या मुलाची चूक झाली की त्याला तो मठ्ठ आहे असे सांगतात.

आमच्या लग्नांतही आता हिंदी गाण्यांचा डीजे वाजतो. मलाही ती गाणी आवडतात, मी त्यांवर नाचलेही आहे. पण माझ्या आईला येणारी लग्नाची कोरकू गाणी मला निम्मीच येतात आणि माझ्या मुलाला एकही येत नाही. पूर्णाकाठ दादा वऱ्हाडीसाठी जे बोलले ते मला आमच्यासाठीच बोलल्यासारखे वाटले, फक्त त्यांत त्यांनी आम्हांला धरले नव्हते.

पूर्णाकाठ

ताई, धरले नव्हते हे खरे आहे. रिद्धपूरचा अभिमान सांगताना त्याच जिल्ह्यात आणखी एक भाषा नांदते याचा मला विसर पडला, याबद्दल मी आपली क्षमा मागतो. डॉक्टरांशी माझा मतभेद कायम आहे, कारण मोठ्या भाषेवरचे प्रेम कितीही निर्मळ असले तरी त्याचा भार लहान भाषेवर पडतोच, आणि आपल्या आईंच्या गाण्यांचे जे झाले ते मी त्याचेच उदाहरण मानतो. पण त्या लाल रेघेत मराठीचाही हात आहे, हे मला आज दिसले.

गाविलगड_पायथा

ताई, पुढच्या महिन्यात लाळ-खुरकताच्या लसीकरणासाठी मी आपल्या भागातील गावांत येणार आहे. गुरांच्या आजारांची, चाऱ्याची आणि विण्याची कोरकू नावे मला देवनागरीत लिहून घ्यायची आहेत, म्हणजे दवाखान्यात ती भिंतीवर मराठीच्या आणि हिंदीच्या शेजारी लावता येतील आणि माझ्यानंतर येणाऱ्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून दिसतील. हे कोणाला विचारावे?

तापीकाठची

माझ्या सासूबाईंना विचारा. त्यांनी आयुष्यभर म्हशी राखल्या आणि खवा आटवला, त्यांना सगळी नावे येतात. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे त्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्याला हिंदीतून सांगतील. सकाळी लवकर या, नऊनंतर त्या जंगलात गुरे घेऊन जातात.