१५ वर्षांच्या लेकीला घेऊन केनिया-टांझानिया सफारी: ९ दिवसांत किती पार्क करावेत?

साधीआई
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये मी आणि माझी लेक, दोघीच, ९ दिवसांची सफारी करायचं ठरवतोय. एका ट्रॅव्हलवाल्याने प्लॅन पाठवलाय त्यात अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो असं सगळं आहे, वाचूनच दमायला झालं पण परत म्हटलं एवढ्या लांब जातोय तर सगळं बघून यावं. खरी काळजी वेगळीच आहे. गेलं वर्षभर ती माझ्याशी फारसं बोलत नाही, भांडण असं नाही, पण दार लावून मोबाईलमध्ये. लहान असताना तासन्‌तास मुंग्या बघत बसायची. मला वाटतं तिथं जाऊन ती परत तशी होईल, पण गाडीत सहा-सहा तास बसवलं तर उलट चिडेल का? ज्यांनी या वयाच्या मुलांना नेलंय त्यांनी प्लीज सांगा.

रानवाट
ताई, पाच पार्क ९ दिवसांत अजिबात करू नका. नकाशात केनियातलं मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी एकमेकांना चिकटून दिसतात पण आपल्याला तिथून थेट पलीकडे जाता येत नाही, इसेबानियाच्या बॉर्डरवरून मोठा वळसा पडतो, त्यात एक अख्खा दिवस गेलाच समजा. नैरोबीहून मारालाही रस्त्याने पाच-सहा तास लागतात. ऑगस्ट म्हणजे विल्डबीस्टचे (हरणाच्या जवळचा, गायीसारखा दिसणारा मोठा प्राणी) कळप माराच्या बाजूला आलेले असतात, नदी ओलांडताना दिसण्याची शक्यता याच दिवसांत, मग केनियातच राहा. मारात चार-पाच रात्री आणि सोबत अंबोसेली, बस. खर्चाचं म्हणाल तर मारा रिझर्व्हची फी जुलै ते डिसेंबर मोठ्यांना दिवसाला २०० डॉलर आहे आणि ९ ते १७ वयाच्या मुलांना ५०, ती पॅकेजमध्ये धरलीय का ते आधी विचारून घ्या.

आता मुलांचं. मी मुलाला नेलं तेव्हा तो १६ चा होता. पहिले दोन दिवस गाडीत मागच्या सीटवर हेडफोन लावून बसला होता, मी प्रत्येक सिंहाला "अरे बघ बघ" करत होतो आणि तो मान वर करून परत खाली. मला फार लागलं होतं ते. तिसऱ्या दिवशी आमच्या गाईडने, मसाई माणूस, पन्नाशीचा, काही न बोलता त्याची स्वतःची दुर्बीण पोराच्या हातात दिली आणि एका वारुळापाशी इंजिन बंद केलं. वारुळावर एक टोपी उभं होतं (हरणासारखा प्राणी, तांबूस अंग आणि मांड्यांवर निळसर काळे डाग). अर्धा तास काहीच नाही. शेजारच्या दोन गाड्या येऊन निघून गेल्या. मग पोरगा हळूच म्हणाला, बाबा, ते टोपी केव्हापासून एकाच दिशेला बघतंय, झेब्रेपण तिकडेच बघतायत. आणि तिथं गवतात चित्त्याचं डोकं, डोळ्यांपासून तोंडापर्यंत आलेल्या त्या दोन काळ्या रेघा सगळ्यात आधी त्यालाच दिसल्या! चित्त्याने थॉमसन गॅझेलवर (छोट्या हरणासारखा प्राणी) झेप घेतली, गॅझेल ऐनवेळी वळलं आणि सुटलं, मग तो चित्ता गवतात बसून नुसता धापा टाकत होता, बरगड्या वरखाली होताना दिसत होत्या. आम्ही तो उठेपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला उठवायला पोरगाच आला.

म्हणून सांगतो, गाडी शेअरिंगची घेऊ नका, दोघींचीच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. शेअरिंगमध्ये बाकीच्यांना बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) उरकायचे असतात, तिथं अर्धा तास कोण थांबणार.

गवतीचहा
वरच्याशी सहमत, मी फक्त कामाचं सांगते. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, केनियातून भारतात परतताना त्या लसीचा दाखला, ते पिवळं कार्ड, बघतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्या दोघींनीही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, मुलीचं वजन सांगून. केनियाला आता ईटीए (प्रवासाआधीचा इलेक्ट्रॉनिक परवाना) लागतो, ऑनलाइन होतो. तुम्ही दोघीच जाताय तर तिच्या बाबांचं संमतीपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा, कोणी विचारलं तर धावपळ नको. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, सामान त्यात बांधू नका. छोट्या विमानाने जाणार असाल तर १५ किलो आणि मऊ बॅग, आमची कडक सूटकेस घ्यायला नाही म्हणाले होते आणि सगळं सामान तिथंच जमिनीवर काढायला लागलं. पहाटे उघड्या जीपमध्ये खूप थंडी असते, कानटोपी न्या.

पाणघोडा_फॅन
मी इथं लेकीच्या बाजूने लिहिते, कारण मी १४ ची असताना आईने मला नेलं होतं. काकू, तुम्ही म्हणता ती परत तशी होईल, पण ती आता १५ ची आहे, तिला तशीच बघायला जाल तर तिला ते लगेच कळेल. मला कळलं होतं. आई सारखी माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मला आवडतंय का ते, आणि मी मुद्दाम काही दाखवायचे नाही.

बदललं ते रात्री. आमच्या कॅम्पला कुंपण नव्हतं, अंधार पडल्यावर तंबूतून जेवायला जायचं तर अस्कारी, म्हणजे तिथला राखणदार, टॉर्च घेऊन न्यायला यायचा, एकटं निघायचं नाही. नदी जवळच होती आणि पाणघोडे रात्री चरायला वर येतात, तर झोपताना तंबूच्या कापडापलीकडून गवत उपटल्याचा आवाज यायला लागला, खरप खरप, इतक्या जवळ की श्वाससुद्धा ऐकू येत होता. आईने माझा हात धरला. ती घाबरली होती आणि ते तिने लपवलं नाही. आम्ही दोघी कितीतरी वेळ जाग्या होतो आणि मग कुजबुजत बोलत बसलो, शाळेचं, मैत्रिणींचं, सगळंच. ती पहिल्यांदा मला काही विचारत नव्हती, स्वतःचं सांगत होती.

म्हणून एवढंच, तिला प्लॅनमध्ये घ्या. कॅम्प तिला निवडू द्या. मारा रिझर्व्हच्या शेजारी मसाई कुटुंबांच्या जमिनीवर कॉन्झर्व्हन्सी (प्राण्यांसाठी राखलेलं रान) आहेत, नाबोइशो, मारा नॉर्थ वगैरे, तिथं नाइट ड्राइव्ह आणि पायी फिरणं मिळतं, रिझर्व्हमध्ये ते नसतं. फक्त पायी फिरायला वयाची अट असते, आधी विचारा. आणि एखाद्या दुपारी तिला झोपायचं असेल तर झोपू द्या.

साधीआई
तुमचं सगळ्यांचं वाचून रात्री लेकीला थेट हा धागाच वाचायला दिला. तिने पूर्ण वाचला, मग म्हणाली अंबोसेली नको, केनियाच्या उत्तरेकडचं साम्बुरू बघू, तिथं जाळीदार जिराफ आणि ग्रेव्हीचे झेब्रे असतात, अंगावरच्या रेघा बारीक आणि पोट पांढरं. मला हे नाव माहीतसुद्धा नव्हतं! तिने कधी वाचलं काय माहीत. तर आता तीन रात्री साम्बुरू आणि चार रात्री नाबोइशो असं करतोय. रानवाट दादा, दुर्बीण दोघींना वेगवेगळी घेतेय, ८ बाय ४२ की १० बाय ४२?

रानवाट
८ बाय ४२ (म्हणजे आठपट मोठं दिसतं, पुढची काच ४२ मिलीमीटर). गाडीत हात हलतो, दहावाल्यात चित्र थरथरतं. आणि दोन घेताय ते छान करताय.