परदेशात असताना मतदार नोंदणी: फॉर्म ६ए आणि पासपोर्टवरचा पत्ता

दूरदेशी:
नोकरीसाठी परदेशात, पासपोर्ट भारतीयच. जुन्या पत्त्यावर यादीत नाव आहे, व्होटर कार्डही आहे. सुट्टी मतदानाच्या सुमारास येतेय. तेच कार्ड दाखवून मत देता येईल, की नव्याने नोंदणी लागते? वकिलातीत मतदानाची सोय असते का?

नोंदवही:
नव्याने नोंदणी लागते. साधी नोंदणी त्या पत्त्यावर राहणाऱ्याची असते. परदेशस्थ मतदारासाठी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्ये कलम २०ए आहे, २०११ पासून लागू. त्यासाठी फॉर्म ६ए, निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरता येतो. सोबत फोटो, पासपोर्टची फोटो आणि पत्ता असलेली पानं आणि चालू व्हिसाचं पान. हे व्हिसाचं पान हमखास राहतं. टपालाने पाठवत असाल तर प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करा.

जुनं कार्ड परत करावं लागतं. नवं मिळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्टच ओळखपत्र. आणि एक लक्षात ठेवा: परदेशस्थांची नावं त्या केंद्राच्या यादीत अगदी शेवटच्या विभागात असतात. पत्त्याच्या क्रमाने शोधलं तर नाव सापडत नाही. "शेवटचा विभाग बघा" असं सांगायचं.

वकिलातीत सोय नाही, ऑनलाइनही नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मंजूर झालं, पण राज्यसभेत न होताच बारगळलं. २०२४ च्या लोकसभेला १,१९,३७४ नोंदलेल्यांपैकी २,९५८ जणांनीच मत दिलं. एका मतासाठी रजा आणि विमानाचं तिकीट कितीजणांना परवडणार? हक्क दिलाय तर तो बजावता येईल अशी सोयही हवीच.

दूरदेशी:
आभार! पासपोर्टवरचा पत्ता भाड्याच्या घराचा आहे, तिथे आता कुणी नाही. अडेल का?

चावडी:
अडतं ते इथेच. नोंदणी पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघातच होते, आईवडील दुसरीकडे राहत असले तरी. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा त्या भागातला कर्मचारी) त्या घरी जाऊन नातेवाईक किंवा शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. खात्री पटली नाही तर कागदपत्रं तुमच्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे पडताळणीला जातात, आणि त्यात वेळ जातो. शिवाय हरकतींसाठी ७ दिवस अर्ज सूचनाफलकावर असतो. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता येत नाही, तेव्हा निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, आत्ताच भरा.

नोंदवही:
+१. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हा हक्क संपतो. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मतदान होत नाही. कायमचे परत आलात तर परदेशस्थ म्हणून असलेलं नाव काढायला कळवा आणि राहत्या पत्त्यावर फॉर्म ६ भरा. दोन्हीकडे नाव ठेवून खोटं प्रतिज्ञापन दिलं तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.