पॉलिमर क्लेला गंभीर कलामाध्यम म्हणून स्थान कसे मिळेल?

रंगमाती (कोथरूड) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. मी उपयोजित कलेची पदवीधर असून सध्या पूर्णवेळ पॉलिमर क्लेमध्येच, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लॅस्टिकच्या रंगीत मातीमध्ये, काम करते. गळ्यातले मोठे अलंकार आणि भिंतीवर लावायची उठावचित्रे हे माझ्या कामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पावसाळा सरताना कासच्या पठारावर फुलांचे जे रंग एकमेकांत मिसळून दिसतात, ते अर्धपारदर्शक क्लेचे अत्यंत पातळ थर एकावर एक चढवून मिळवण्याचा माझा प्रयत्न असतो. त्यात कुंचला कुठेच लागत नाही. रंग हा द्रव्याच्या अंगचाच असतो.

अडचण अशी आहे की, आपल्याकडे हे माध्यम बहुतेकांना मुलांच्या सुट्टीतल्या वर्गांमुळे आणि फ्रिजवर लावायच्या शोभेच्या चुंबकांमुळे माहीत झाले आहे. एका कलादालनाने छायाचित्रे पाहून आस्थेने चौकशी केली, परंतु माध्यमाचे नाव कळताच ‘आम्ही हस्तकलेची प्रदर्शने भरवत नाही’ असे कळवले. त्याच दालनात टेराकोटाची उठावचित्रे मी पाहिलेली आहेत. तेव्हा हा प्रश्न माध्यमाच्या प्रतिष्ठेचा आहे की माझ्या कामात काही उणे आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय अशा कामाची किंमत कोणत्या आधारावर ठरवावी आणि माहितीपट्टीवर माध्यमाचा उल्लेख नेमका कसा करावा, याविषयीही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

पेठेतला वाचक यांचा प्रतिसाद

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि या माध्यमाचा अल्पसा इतिहास पाहिल्यास त्याचे बरेचसे उत्तर मिळते. जर्मनीतील प्रख्यात बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या कन्या सोफी, ज्यांना घरी फिफी म्हणत, यांनी या द्रव्यावर प्रयोग केले. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते त्यांच्याकडून घेतले आणि पुढे ते ‘फिमो’ या नावाने बाजारात आले. म्हणजे त्याचा जन्मच बाहुल्या आणि खेळणी यांच्या परिसरात झाला, आणि त्या जन्माचा शिक्का अजूनही पुसलेला नाही.

अमेरिकेत मात्र १९७० आणि १९८० च्या दशकांत काही प्रशिक्षित कलावंतांचे लक्ष त्याकडे गेले. कॅथलीन डस्टिन मूळच्या सिरॅमिक्सच्या. पिअर व्होल्कोस या पीटर व्होल्कोस यांच्या कन्या, म्हणजे भांड्यांच्या चौकटीत अडकलेल्या सिरॅमिक्सला ज्या शिल्पकाराने मुक्त शिल्पाकडे नेले, त्यांच्याच घरातल्या. १९९१ मध्ये नॅन रोश यांचे पुस्तक आले आणि विखुरलेले तंत्रज्ञान प्रथमच एका जागी सापडू लागले. एलिस विंटर्स यांनी तर पुढे या माध्यमातील उत्तम कृती जमवून त्या संग्रहालयापर्यंत पोहोचवण्याचे काम जिद्दीने केले, आणि २०११ मध्ये विस्कॉन्सिनमधील रसीन आर्ट म्युझियमने ‘टेरा नोव्हा’ हे प्रदर्शन भरवून अशा कृतींना आपल्या कायमस्वरूपी संग्रहात स्थान दिले.

आता यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सांगतो. आरंभीचे पुष्कळ काम अनुकरणाचे होते: हस्तिदंतासारखे, पिरोजासारखे, जेडसारखे. ते कौशल्य थोर असले, तरी संग्रहालयात ज्यांनी स्थान मिळवले त्यांच्या कृती दुसऱ्या कोणत्याही द्रव्यात घडल्याच नसत्या. सिंथिया टूप्स क्लेचे बारीक धागे भाजून, त्यांचे तुकडे एकेक करून बसवतात आणि सूक्ष्म मोझाइक तयार करतात. जेफ्री लॉइड डीव्हर तारेच्या सांगाड्यावर टप्प्याटप्प्याने रचना करून ती वेळोवेळी भाजतात. बॉनी बिशॉफ आणि जे. एम. सायरन यांनी तर क्लेचे पातळ पत्रे लाकडी फर्निचरवर चढवले. आपण कासच्या रंगांविषयी जे लिहिले आहे ते याच मार्गाने जाणारे आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कलादालनाला माध्यमाविषयी पटवत बसण्यापेक्षा एकाच विषयावरील सलग कृतींचा संच समोर ठेवावा. सुट्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या वस्तू पाहिल्या की पाहणाऱ्याला त्यात दुकान दिसते.

रसायनवाला (औंध) यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादात कलेची बाजू उत्तम आली आहे. मी द्रव्याविषयी लिहितो, कारण कोणत्याही माध्यमाचे गांभीर्य त्याच्या तांत्रिक शिस्तीतूनही सिद्ध होत असते. यात पीव्हीसी या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर, रंगद्रव्ये आणि भरणद्रव्ये असतात. उष्णता मिळाली की कण प्लॅस्टिसायझर शोषून फुगतात, एकमेकांशी जुळतात आणि सलग, घट्ट पदार्थ बनतो. पाणी उडून जाण्याचा प्रश्नच नसल्यामुळे वस्तू जवळजवळ आकसत नाही, आणि तीच वस्तू पुन्हा पुन्हा भाजता येते. कुंभाराच्या आव्यात किंवा ग्लेझच्या भट्टीत रंग कसा उतरेल हे बाहेर काढेपर्यंत पूर्णपणे कळत नाही. येथे आपण मिसळलेला रंग थोडाफार गडद होऊन बहुतांशी तोच राहतो. आपल्या कामाचा सारा डोलारा या एका गुणावर उभा आहे.

परंतु अपुरे भाजणे हा या माध्यमाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. फिमोसाठी ११० अंश सेल्सिअस, तर ‘प्रेमो’ या दुसऱ्या प्रचलित क्लेसाठी दर ६ मिलिमीटर जाडीला १३० अंशांवर ३० मिनिटे, असे निर्मात्यांचे मापदंड आहेत. घरगुती ओटीजीच्या (विजेच्या लहान ओव्हनच्या) बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत फरक पडतो, म्हणून आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवणे अनिवार्य समजावे. अपुरी भाजलेली वस्तू दिसायला निर्दोष असते, मात्र वाकवताच मोडते. नीट भाजलेला पातळ पत्रा लवचीक राहतो. उलट, वस्तू करपू दिली तर हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक वायू निघतो, तेव्हा खिडकी उघडी असावी आणि शक्य असल्यास स्वयंपाकाचा ओटीजी यासाठी वापरूच नये. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत कच्ची क्ले बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नये, कारण ती तेथेच कडक होऊ लागते.

टिकाऊपणाविषयी प्रामाणिक राहावे. मऊ पीव्हीसीच्या जुन्या वस्तूंमधून प्लॅस्टिसायझर पृष्ठभागावर येऊन चिकटपणा निर्माण होतो, हा अनुभव संग्रहालयांना आहे. त्यामुळे प्रत्येक कृतीची नोंद ठेवावी: कोणती क्ले, किती तापमान, किती वेळ, वरून कोणता लेप. ज्या चित्रकाराला आपल्या कॅनव्हासचे अस्तर कोणते हे सांगता येते, त्याच्याविषयी ग्राहकाला जो विश्वास वाटतो, तो आपल्याविषयीही वाटेल.

मठारकाम (कसबा पेठ) यांचा प्रतिसाद

ताई, मी धातूतला माणूस आहे, म्हणून किमतीविषयी बोलतो. आमच्या तांबट आळीत भांड्याची किंमत सांगताना तांब्याचे वजन आणि त्यावर मजुरी असा हिशेब ग्राहकाला लगेच समजतो. आपल्या द्रव्याला असे बाजारमोल नाही. क्लेचा ५७ ग्रॅमचा ठोकळा कितीही महाग असला, तरी अलंकाराच्या किमतीत त्याचा वाटा किरकोळच राहणार. म्हणजे आपली संपूर्ण किंमत हात आणि दृष्टी यांचीच आहे, आणि ती तशीच स्पष्टपणे मांडावी. कामाला लागणारा वेळ, त्यात चाचण्यांचे तुकडे, पॉलिश पेपरने पाण्याखाली घासणे आणि शेवटची झळाळी हे सर्व धरून एक दर ठरवा आणि तो दालनात, जत्रेत, घरी आलेल्या ग्राहकासमोर एकच ठेवा. जत्रेत निम्म्या किमतीत विकलेली वस्तू दालनातल्या वस्तूची किंमतही खाली आणते.

‘पेठेतला वाचक’ यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. संग्रहालयाने, तेही परदेशातील संग्रहालयाने, मान्यता देण्याची वाट का पाहावी? आपल्याच शहरात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे अशा रोजच्या वस्तू जन्मभर जमवल्या, आणि त्या घडवणाऱ्या अनामिक हातांची कलावंत म्हणून ओळख करून दिली. शुक्रवार पेठेतल्या त्या संग्रहालयात एक सकाळ काढा आणि अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभ्या राहा. हस्तकला म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा ओबडधोबड कामात आहे.

रंगमाती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. नोंदवही आजपासूनच सुरू करते, आणि कासच्या कामाचा एक सलग संच पूर्ण होईपर्यंत कोणत्याही दालनाला विचारणार नाही. एक शंका उरते. ‘हे शेवटी प्लॅस्टिकच ना?’ असे विचारणाऱ्या पर्यावरणप्रेमी ग्राहकाला मी काय सांगावे? त्यांचे म्हणणे मला स्वतःलाही चुकीचे वाटत नाही.

रसायनवाला (औंध)

होय, ते प्लॅस्टिकच आहे असेच सांगावे, आणि ते कुजत नाही हेही सांगावे. त्याबरोबरच हेही खरे आहे की कच्ची क्ले वाळून वाया जात नाही, त्यामुळे कातरणे आणि उरलेले तुकडे मळून वस्तूच्या आतल्या गाभ्यासाठी वापरता येतात, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्याकडे टाकाऊ भाग फारच थोडा उरतो. स्वस्त, लवकर फेकल्या जाणाऱ्या वस्तूंचे मोठे उत्पादन टाळून मोजक्या आणि जपून ठेवल्या जातील अशाच कृती करणे, हे यावरचे माझ्या मते एकमेव सचोटीचे उत्तर आहे.

माहितीपट्टीचा प्रश्न राहून गेला होता. तेथे ‘मिश्र माध्यम’ असे मोघम लिहू नये. दर्शनी पट्टीवर ‘पॉलिमर क्ले, पितळी तार’ असे द्रव्याचे सरळ नाव, वर्ष आणि मापे द्यावीत. मागील बाजूस क्लेचा प्रकार, भाजण्याचे तापमान आणि ‘थेट उन्हात ठेवू नये, अॅसिटोनने पुसू नये’ ही सूचना लिहावी.