मदत हवी आहे: तिसऱ्या चढाईला मुलगी अडखळते

तालुक्याच्या गावी मी मुलींना कबड्डी शिकवतो. पंधरा वर्षांची एक चढाईपटू सरावात झकास खेळते, पण सामन्यात दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या, 'डू ऑर डाय' (गुण मिळव, नाहीतर बाद) चढाईला निदान रेषेजवळच, म्हणजे समोरच्या अंगणात चढाईपटूला ओलांडावीच लागते त्या रेषेजवळच, घुटमळते. ३० सेकंद संपतात, ती बाद. दुखापत नाही, दमही भरपूर. सरावात गुणफलक लावून, बाकीच्यांना आरडाओरडा करायला लावून तशीच चढाई करून घेतली, तिथे जमतं. दीर्घ श्वसनही झालं.

शिवाय बचावात स्पर्श झाला की ही पंचांआधी हात वर करून स्वतः बाद झाल्याचं कबूल करते, म्हणून संघातल्या मुली चिडतात. ती सवय मला मोडायची नाहीच!

क्रीडा मानसशास्त्रज्ञ इथे नाही, निवड चाचणी पुढच्या महिन्यात. चढाईला निघण्याआधी तिने नेमकं काय करावं? आणि मी बाहेरून ओरडून सांगावं, की गप्प बसावं?