पीनट बटर आणि मार्शमेलोच्या कुरकुरीत वड्या: एक ताट दगडासारखे, दुसरे चिवट, नेमके काय चुकते आहे?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)

सप्रेम नमस्कार. ऑगस्टच्या अखेरीस माझ्या मुलीच्या शाळेत आनंदमेळा आहे आणि तिच्या वर्गाने गोड पदार्थांचे दुकान मांडायचे ठरवले आहे. मार्शमेलो वितळवून त्यात पीनट बटर आणि तांदळाचे कुरकुरीत सीरियल कालवून ज्या वड्या करतात, त्याच करायच्या असा मुलांचा आग्रह आहे आणि साठेक वड्यांची जबाबदारी मी घेतली आहे.

गेल्या रविवारी दोनदा करून पाहिल्या. पहिल्या वेळी मार्शमेलो मध्यम आचेवर ठेवले आणि त्याला किंचित बदामी रंग येईपर्यंत ढवळत राहिले, मग पीनट बटर व सीरियल घालून मिश्रण ताटात काढले आणि चिक्की दाबतो तसे वाटीच्या बुडाने चांगले दाबून थापले. गार झाल्यावर त्यात सुरी शिरेना. दुसऱ्या वेळी सीरियल संपले होते, म्हणून घरातले परमल वापरले (कुरमुऱ्यांना इथे सगळे परमलच म्हणतात, आता आमच्याही तोंडी तेच बसले आहे). या वड्या थापताना उत्तम वाटल्या, पण संध्याकाळपर्यंत इतक्या चिवट झाल्या की मुलीने अर्धी वडी तशीच ठेवून दिली. शिवाय ताटाच्या कडेला तेल सुटले होते ते वेगळेच.

आच, दाब, परमल आणि पीनट बटर यांपैकी नेमके कुठे चुकते आहे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? मार्शमेलोचे पाकीट स्वस्त नाही, त्यामुळे तिसरा प्रयत्न नीट समजून करावा असे वाटते.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

ताई, मी मार्शमेलोच्या वड्या पहिल्यांदा केल्या त्या नातवासाठी, पण पाकाच्या वड्या करण्यात माझी चाळीस वर्षे गेली आहेत, आणि माझ्या मते तुमची पहिली चूक पाकाचीच आहे. मार्शमेलो म्हणजे साखर आणि ग्लुकोजचा पाक असतो. त्यात जिलेटिन घालून, हवा भरून तो फुगवलेला असतो आणि त्यात थोडे पाणीही असते. तो नुसता सैल होण्यापुरती उष्णता दिली की पुरे. तुम्ही तो रंग बदलेपर्यंत शिजवलात, म्हणजे त्यातले पाणी उडवून पाक पुढच्या अवस्थेला नेलात. आपण लाडवाला एकतारी पाक घेतो आणि चिक्कीला गोळी ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजेल असा घेतो, तोच फरक इथेही पडतो. लाडवाचा पाक हवा असताना तुमच्या हातून चिक्कीचा पाक झाला.

म्हणून जाड बुडाचे पातेले घ्यावे, त्यात आधी लोणी वितळवावे, मग मार्शमेलो घालून अगदी मंद आचेवर सतत हलवावे, आणि शेवटच्या चारदोन गुठळ्या दिसत असतानाच गॅस बंद करावा. त्या गुठळ्या पातेल्याच्या उष्णतेने आपोआप विरतात. पीनट बटर गॅस बंद केल्यावरच घालावे.

दुसरी गोष्ट दाबण्याची. चिक्की आपण लाटण्याने दाबतो, कारण ती पातळ आणि टणक हवी असते. या वडीत दाण्यांमध्ये हवा राहिली पाहिजे. हाताला तूप लावून किंवा बटर पेपर ठेवून मिश्रण फक्त कडेपर्यंत सारखे करावे आणि वाटी बाजूला ठेवून द्यावी. हाताला पाणी मुळीच लावू नये. बेसनाच्या वड्यांना ती सवय चालते, इथे मात्र तेवढ्या ओलाव्याने वरचा थर मऊ पडतो.

प्रतिसाद (विजयनगर, इंदूर)

काकूंनी आचेबद्दल लिहिले आहे ते शब्दशः बरोबर आहे. मी काही वर्षे मिशिगनमध्ये होतो. तिथे हा पदार्थ घरोघरी होतो आणि त्याचा जन्मही त्याच राज्यातल्या बॅटल क्रीक या गावातला. केलॉग कंपनीच्या गृहविज्ञान विभागात काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी १९३९ मध्ये कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला निधी जमवता यावा म्हणून ही कृती बसवली. शाळेच्या मेळ्यासाठी हाच पदार्थ निवडणे त्याच्या मूळ हेतूला अगदी धरून आहे, हे वाचून आपल्या मुलीला आनंद होईल असे वाटते.

आता प्रमाण. २४० मिलिलिटरचा कप धरल्यास सहा कप सीरियल, सुमारे २८० ग्रॅम मार्शमेलो आणि तीन मोठे चमचे लोणी हे नेहमीचे माप आहे, आणि पीनट बटर घालायचे असल्यास अर्धा कप पुरते. तिकडे हे मिश्रण १३ बाय ९ इंचांच्या ट्रेमध्ये ओततात. आपल्याकडच्या बारा इंची गोल ताटाचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच भरते, त्यामुळे ताट बदलले तरी वडीची जाडी बिघडत नाही. दोन इंची चौकोन पाडले तर ट्रेमधून चोवीस वड्या निघतात. गोल ताटात कडेचे तुकडे वेडेवाकडे येतात, म्हणून विक्रीसाठी चौकोनी ट्रेच घ्यावा.

परमलांविषयी माझे मत थोडे कडक आहे. सीरियलसाठी तांदूळ साखर, मीठ आणि माल्ट यांच्यासह शिजवतात, वाळवून किंचित चेपतात आणि मग भाजून फुलवतात, त्यामुळे त्याचे कवच जाडसर होते आणि ते गरम पाकाला काही काळ दाद देत नाही. परमल उकड्या तांदळाचे, तापलेल्या वाळूत फुललेले. ते फार हलके आणि सच्छिद्र असल्याने ओलावा लगेच ओढून घेतात. ऑगस्टमधल्या इंदूरच्या हवेत तर पाकीट उघडून तासभर राहिले तरी ते सादळतात. आपल्या वड्या संध्याकाळपर्यंत चिवट झाल्या त्याचे कारण मला हेच दिसते.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

परमल वापरूच नयेत असे मात्र मी म्हणणार नाही. ते कढईत मंद आचेवर, चिमटीत धरताच चुरा होईपर्यंत कोरडे भाजावेत आणि पूर्ण गार करून मगच मिश्रणात घालावेत. मी तसे केले तेव्हा वड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुरकुरीत राहिल्या. प्रमाण मात्र वजनाने घेऊ नये, कपानेच घ्यावे. परमल सीरियलपेक्षा पुष्कळ हलके असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाचे घेतले तर ढीगभर होतात आणि पाक कमी पडतो. आणखी एक, परमलांना सीरियलची गोडी नसते आणि मीठ कमीअधिक असते. आधी दोन दाणे चाखून पाहावेत आणि मगच लोणी बिनमिठाचे घ्यायचे की मिठाचे ते ठरवावे.

प्रश्नकर्ती (सुदामानगर, इंदूर)

दोघांचेही मनापासून आभार. आच आणि दाब ही दोन्ही कोडी सुटली. परंतु काकूंच्या उत्तरातला जिलेटिन हा शब्द वाचून मी पाकीट पुन्हा पाहिले आणि मला फार अपराधी वाटले. वर्गात अनेक मुले जैन घरांतली आहेत आणि आमच्या घरीही सासूबाई हे खाणार नाहीत. शाकाहारी मार्शमेलोही तसाच वितळतो का?

प्रतिसाद (स्नेहलतागंज, इंदूर)

ताई, मी घरून केक आणि चॉकलेटच्या ऑर्डर घेते आणि माझे निम्म्याहून अधिक ग्राहक शुद्ध शाकाहारी आहेत, म्हणून या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तरच घ्यावे. मांसाहारी खूण आता तपकिरी त्रिकोणाची असते, जुन्या पाकिटांवर तपकिरी गोल दिसे. मुळात मार्शमेलो हे एका वनस्पतीचे नाव आहे. तिला युनानी औषधांत खतमी म्हणतात आणि तिच्या मुळांच्या चिकट रसापासून पूर्वी ही मिठाई करत. आजच्या मिठाईत त्या मुळाचा अंश नसतो आणि त्याची जागा जिलेटिनने घेतली आहे.

शाकाहारी मार्शमेलोत समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर किंवा कॅराजीनन वापरतात. जिलेटिन शरीराच्या उष्णतेच्या आसपास विरघळू लागते, तर अगरला सुमारे ८५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. त्यामुळे शाकाहारी मार्शमेलो हट्टाने गुठळ्या धरून बसतो, आणि आपण कंटाळून आच वाढवली की बाकीचा पाक कडक होतो. त्याचे कात्रीने लहान तुकडे करावेत, लोण्याबरोबर एक चमचा पाणी घालावे, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर वाफ धरू द्यावी आणि अधूनमधून ढवळावे. तरीही वडी जिलेटिनच्या वडीइतकी लवचिक होत नाही, हे मी ग्राहकांना आधीच सांगते.

साठ वड्या करायच्या आहेत आणि सर्व मुलांनी खाव्यात अशी इच्छा आहे, तर माझा आग्रह असा की मार्शमेलो सोडूनच द्यावा. अमेरिकेत याच वड्यांची एक बहीण आहे. तिच्यात एक कप साखर आणि एक कप कॉर्न सिरप एकत्र तापवतात, त्यात एक कप पीनट बटर आणि सहा कप सीरियल घालतात, आणि वरून चॉकलेटचा थर देतात. कॉर्न सिरपच्या जागी आपल्याकडे केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत लिक्विड ग्लुकोज मिळते, सियागंजात आणखी स्वस्त पडते. ते फार घट्ट असते म्हणून त्यात दोन मोठे चमचे पाणी मिसळावे. साखर विरघळून कडेने पहिले बुडबुडे दिसले की त्याच क्षणी गॅस बंद करावा. हा पदार्थ बिघडतो तो इथेच. आणखी दोन मिनिटे उकळू दिले तर तुमचे पहिले ताट पुन्हा तयार झाले म्हणून समजा. ग्लुकोज साखरेचे खडे होऊ देत नाही, त्यामुळे वडी चिक्कीसारखी तडकत नाही आणि दाताला मऊ लागते.

ग्लुकोजऐवजी गूळ घेण्याचा मोह होईल, पण पावसाळ्यात तो टाळावा. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि वड्यांना पाणी सुटते. मकरसंक्रांतीच्या सुमारास मात्र गुळाचा प्रयोग अवश्य करावा.

प्रतिसाद (विजयनगर, इंदूर)

तेल सुटण्याचा प्रश्न राहून गेला. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. नुसते दाणे वाटून केलेल्या पीनट बटरमध्ये ते तेल वर तरंगते, आणि काही कंपन्या ते धरून ठेवण्यासाठी थोडा घट्ट वनस्पती मेद घालतात. या वड्यांसाठी तो दुसरा प्रकार सोयीचा पडतो. पहिलाच वापरायचा असेल तर बाटली तळापासून ढवळावी आणि लोण्याचे तीन चमचे दोनवर आणावेत.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

पीनट बटर घरीही होते, फक्त घाई करू नये. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून, कोमट असतानाच मिक्सरला लावावेत. आधी कूट होते, मग कडेला चिकटणारा गोळा होतो, आणि बहुतेक जणी इथेच थांबून पाणी घालतात. पाणी घातले की ते थिजल्यासारखे घट्ट होते आणि वडीही सादळते. थांबत थांबत मिक्सर फिरवत राहिले की दाण्यांचेच तेल सुटून मिश्रण आपोआप पातळ होते. भाजण्याआधी दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट आणि बुरशीचा वास येणारे सगळे वेचून टाकावेत. त्या बुरशीचे विष भाजून पूर्णपणे जात नाही, आणि हे लहान मुलांसाठी आहे.

प्रतिसाद (स्नेहलतागंज, इंदूर)

दुकानावर 'यात शेंगदाणे आहेत' अशी ठळक पाटी लावावी आणि वर्गशिक्षिकांना आधी कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी एखाद्याच मुलाला असते, पण त्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्या मुलासाठी ओला नारळ किंवा राजगिऱ्याचे काही वेगळे ठेवले आणि त्याचे भांडे व चिमटाही वेगळा ठेवला तर फार बरे.

प्रश्नकर्ती (सुदामानगर, इंदूर)

काल संध्याकाळी लिक्विड ग्लुकोजची कृती निम्म्या मापाने केली. पहिले बुडबुडे येताच पातेले खाली उतरवले, पीनट बटर मिसळले, आणि एका भागात सीरियल तर दुसऱ्यात भाजून गार केलेले परमल घातले. दोन्ही भाग बटर पेपर ठेवून तळहाताने नुसते सारखे केले. तासाभरात सुरीला तूप लावून सरळ कडेच्या वड्या पडल्या. आज सकाळी डबा उघडला तेव्हा सीरियलच्या वड्या कालच्यासारख्याच होत्या, परमलांच्या किंचित नरम पण चिवट मुळीच नव्हत्या, आणि खरे सांगायचे तर सासूबाईंना परमलांच्याच अधिक आवडल्या. एक डबा मी मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवून पाहिला. त्यातल्या वड्या टणक झाल्या आणि बाहेर काढताच त्यांच्यावर दव धरले, तेव्हा मेळ्याच्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच राहतील.

मेळ्यासाठी सीरियलचे तीन ट्रे करणार आहे, म्हणजे बहात्तर वड्या होतील. त्या आदल्या रात्री करून मध्ये बटर पेपर घालून रचेन आणि सकाळी शाळेत पोचल्यावरच डबे उघडेन. पाटी मुलीने आजच रंगवायला घेतली आहे आणि शिक्षिकांना चिठ्ठी पाठवली आहे. काकू, राजगिऱ्याच्या वडीला पाक किती घ्यावा, तेवढे सवडीने लिहावे.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

फुलवलेला राजगिरा चार वाट्या असेल तर चिरलेला गूळ एक वाटी आणि तूप एक चमचा घ्यावे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची मऊ गोळी वळली की लगेच राजगिरा घालावा. गूळ सादळतो म्हणून या वड्या मेळ्याच्या दिवशी सकाळीच कराव्यात. साहित्य कमी लागते, अर्ध्या तासात होतात.