मदत हवी आहे: पट्टेरी तलंगा (तरुण माद्या) कशा मिळतील?

कोंबड्यांच्या रंगाचा नाद नवीनच लागलाय. झाबुआकडचा काळाभोर कडकनाथ कोंबडा आणि आमची काळी-पांढरी पट्टेरी गावरान कोंबडी अशी जोडी लावली. खुडूक कोंबडीखाली 11 अंडी ठेवली, 21व्या दिवशी 8 पिल्लं निघाली. चौघांच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. आज दोन महिन्यांनी तेच चौघे पट्टेरी आहेत आणि चौघांचेही तुरे लाल व्हायला लागलेत, म्हणजे सगळे नर! तलंगा तीन, त्या काळ्या कुळकुळीत. मला तर पट्टेरी तलंगाच हव्यात. यातलाच पट्टेरी नर ठेवून काळ्या कोंबड्यांना लावला तर जमेल का?

आठवं पिल्लू तांबूस आहे. जुना तांबडा कोंबडा विकून आठवडाच झाला होता, त्याचाच प्रताप असावा. कोंबडा बदलल्यावर किती दिवसांनी अंडी बसवता?