मदत हवी आहे: रात्री बारानंतर महालक्ष्मी एक्स्प्रेस फलकावरून गायब

कृष्णाकाठ (सांगली): दोन रात्री जागलो, सुटत नाहीये. हॉस्टेलच्या दारात लावायला रेल्वेगाड्यांच्या वेळांचा डिजिटल फलक करतोय. कोयना उशिरासकट बरोबर दिसते, महालक्ष्मी मात्र रात्रीचे बारा वाजले की नाहीशी होते. शुक्रवारी फलक लावायचाय. कृपया लवकर सांगा.

मिरज_जंक्शन: डेटा कुठून घेतोस? एरर काय येते?

कराडचे_अण्णा: रेल्वे चौकशीच्या 139 ला फोन करा की! नाहीतर रेल्वेचं एनटीईएस बघा. मी तिथे गाडी कुठे आलीय ते बघूनच घरातून निघतो.

कृष्णाकाठ: अण्णा, ते माहीत आहे, मला हे स्वतः करायचंय. एरर येतच नाही. वेळापत्रक जीटीएफएसमध्ये (वेळापत्रकं लिहायच्या ठरलेल्या फाइल-साच्यात) मी भरलंय, उशीर सध्या चाचणीपुरता हाताने घालतो.

बिनतारी: उशिराची फाइल प्रोटोबफमध्ये, म्हणजे फक्त संगणकाला वाचता येईल अशा रूपात असणार. ती उघडली तर नुसती चिन्हं दिसतात, चूक कशी सापडणार? सगळं जेसनमध्ये, म्हणजे आपल्याला वाचता येईल अशा साध्या मजकुरात घे.

मिरज_जंक्शन: जेसन केल्याने गाडी परत येणार नाही. जीटीएफएस-रिअलटाइम (उशिरासारखी ताजी माहिती देणारा भाग) प्रोटोबफमध्येच द्यायचं ठरलेलं आहे. कृष्णाकाठ, पुण्याच्या पुढच्या वेळा कशा लिहिल्यास?

कृष्णाकाठ: घड्याळात असतात तशाच. 02 वगैरे.

मिरज_जंक्शन: तिथेच चुकलं. गाडी मुंबईहून ज्या तारखेला सुटली, तिची फेरी त्याच तारखेची. म्हणून स्टॉप-टाइम्समध्ये (थांब्यांच्या वेळांच्या फाइलमध्ये) तास 24 च्या पुढे मोजायचे: पहाटेचे अडीच म्हणजे 26:30:00. उशिराच्या नोंदीत ट्रिप-आयडी (फेरीची ओळखखूण) वेळापत्रकातलाच हवा आणि स्टार्ट-डेट सुटल्याच्या दिवसाची. तू आजची तारीख शोधत असणार, जुळणी कशी होईल? उशीर सेकंदांत लिहायचा, वीस मिनिटं म्हणजे 1200. पुढच्या स्टेशनांची नोंद नसेल तर तोच उशीर पुढे धरतात.

बिनतारी: तरी चाचणीपुरतं जेसन सोपं पडतं, हे माझं मत कायम.

माहुलीकर: सातारा स्टेशन गावाबाहेर आमच्या माहुलीला. पहाटे गाडीतून उतरणाऱ्यांना रिक्षा मिळते का, तेही फलकावर दाखवता येईल का?

कृष्णाकाठ: वेळा बदलल्या, तारीख एक दिवस मागे घेतली. महालक्ष्मी आली! पण आता कोयना दोनदा दिसतेय.

मिरज_जंक्शन: सरसकट कालची तारीख घेतलीस का? काल आणि आज, दोन्ही दिवसांच्या फेऱ्या घे आणि ज्यांची वेळ अजून व्हायचीय तेवढ्याच ठेव. वेळ तपासताना उशीर मिळवायला विसरू नकोस, नाहीतर लेट गाडी यायच्या आधीच फलकावरून जाईल. तेवढा कोड इथे टाक, बघतो.